लोवेल कसं पाहावं: आधी पाणी, मग साचे, मग पानं

मुलगा किंवा मुलगी बॉस्टनकडे नोकरीला, आई-बाबा उन्हाळ्यात राहायला आलेले, आणि पहिल्या पंधरा दिवसांतच हार्वर्ड, बंदर, मत्स्यालय सगळं पाहून झालेलं. आता शनिवारी कुठे जायचं? न्यू इंग्लंडमधल्या बहुतेक मराठी घरांत हा प्रश्न पडतो. माझं उत्तर ठरलेलं आहे: लोवेल. बॉस्टनच्या वायव्येला साधारण 40 किलोमीटरवर, मेरिमॅक आणि काँकर्ड या नद्यांच्या संगमावर वसलेलं मॅसॅच्युसेट्समधलं हे गिरण्यांचं शहर. अमेरिकेत कापडगिरण्यांचा कारभार मोठ्या प्रमाणावर आणि शहर आखून पहिल्यांदा उभा राहिला तो इथे.

बहुतेक लोक इथे येतात, गिरणीच्या संग्रहालयात तासभर घालवतात, विटांच्या इमारतींपुढे फोटो काढतात आणि दुपारी दोनला परततात. त्यात अर्धं शहर बघायचं राहून जातं. लोवेल ज्या क्रमाने घडलं त्याच क्रमाने ते पाहावं, असं मी आग्रहाने सांगेन. आधी पाणी आलं, पाण्यामागून साचे, म्हणजे कापड विणायचे यंत्रमाग, आले, साच्यांमागून माणसं आली आणि त्या माणसांनी आपापली स्वयंपाकघरं आणली. सकाळ पाण्यावर, दुपार गिरणीत आणि संध्याकाळ जेवणाच्या टेबलावर घालवली तर शहर नीट उलगडतं.

कधी जावं

मे अखेर ते ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा हा काळ उत्तम. कालव्यांतल्या बोटींच्या सफरी उन्हाळ्यातच चालतात, आणि त्या चुकवू नयेत. फक्त धबधबा बघायचा असेल तर मात्र मार्च-एप्रिलमध्ये यावं. बर्फ वितळून मेरिमॅक तेव्हा फुगलेली असते. ऑगस्टमध्ये त्याच जागी बरेचदा उघडे खडक दिसतात.

तारीख तुमच्या हातात असेल तर जुलैचा शेवटचा पूर्ण शनिवार-रविवार धरा. त्या दिवसांत लोवेल फोक फेस्टिव्हल असतो. राष्ट्रीय लोककला महोत्सव 1987 पासून तीन वर्षं या गावात भरला. तो पुढे दुसऱ्या गावी गेला, पण लोवेलकरांनी आपला महोत्सव चालूच ठेवला. प्रवेश मोफत. भर गावातले रस्ते बंद करून ठिकठिकाणी रंगमंच उभारतात. माझ्या मते खरी मजा खाण्याच्या तंबूंत आहे, कारण तिथे गावातल्या वेगवेगळ्या समाजांच्या संस्था आपलं घरचं जेवण रांधून विकतात. गर्दी प्रचंड असते आणि ऊन कडक, त्यामुळे वयस्कर मंडळी बरोबर असतील तर सकाळी लवकर पोचा आणि दुपारी संग्रहालयाच्या गारव्यात शिरा.

पोचायचं कसं

रेल्वेने जा. गाडी नॉर्थ स्टेशनवरून सुटते, साउथ स्टेशनवरून नाही. नवख्या माणसांचा इथे हमखास घोटाळा होतो. लोवेल लाइनच्या गाडीने पाऊण तास ते पन्नास मिनिटं लागतात. शनिवार-रविवारी 10 डॉलरचा वीकेंड पास काढला तर येणं-जाणं दोन्ही त्यात भागतं. हा मार्ग अमेरिकेतल्या अगदी जुन्या लोहमार्गांपैकी आहे. बॉस्टन-लोवेल रेल्वे 1835 साली सुरू झाली, म्हणजे बोरीबंदर-ठाणे गाडीच्या 18 वर्षं आधी. कापूस आत न्यायला आणि कापड बंदरावर आणायला जुना मिडलसेक्स कालवा पुरेना आणि हिवाळ्यात तो गोठायचा, म्हणून गिरणीवाल्यांनी ही रेल्वे टाकली.

लोवेलच्या गॅलगर टर्मिनलवर उतरलात की गावाचा मध्य पायी वीसेक मिनिटांवर आहे. पाय दुखत असतील तर स्थानिक बस मिळते. गाडीने येणाऱ्यांनी डटन स्ट्रीटवरचा राष्ट्रीय उद्यानाचा वाहनतळ गाठावा.

पहिला टप्पा: मार्केट मिल्स

या शहराचा बराचसा जुना भाग 1978 पासून राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान आहे. झाडं-डोंगर नसलेलं, गिरण्या, कालवे आणि कामगारांच्या घरांचं मिळून झालेलं उद्यान. गिरण्या बंद पडल्यावर गाव ओसाड झालं होतं. त्या वेळी पॅट्रिक मोगन या शिक्षकाने धरून ठेवलं की हे गाव पाडून टाकायचं नाही, यातूनच मुलांना शिकवायचं. पुढे पॉल साँगस यांनी अमेरिकी काँग्रेसमध्ये (संसदेत) उद्यानाचा कायदा पुढे नेला. अभ्यागत केंद्र मार्केट स्ट्रीटवर मार्केट मिल्स या जुन्या गिरणीतच आहे. तिथे तीन कामं उरका: नकाशा घ्या, त्या दिवशीच्या बोटसफरीची वेळ विचारून जागा धरा, आणि बूट मिल या गिरणी-संग्रहालयाच्या वेळा पक्क्या करा. वेळा आणि शुल्क ऋतूप्रमाणे बदलतात, म्हणून आदल्या रात्री उद्यानाचं संकेतस्थळ बघणं बरं. गणवेशातल्या रेंजर मंडळींना प्रश्न विचारायला संकोचू नका. ती मनापासून सांगतात.

दुसरा टप्पा: पाणी

मेरिमॅक नदी पॉटकेट धबधब्यापाशी मैलभराच्या आत सुमारे 32 फूट खाली येते. हे गाव इथे का वसलं, याचं सगळं उत्तर त्या 32 फुटांत आहे. युरोपीय येण्याच्या कितीतरी आधीपासून पेनाकूक लोक वसंतात मासे धरायला इथे जमत. 1796 मध्ये लाकडाचे तराफे धबधबा टाळून पुढे नेण्यासाठी पॉटकेट कालवा खणला गेला. त्यानंतर बॉस्टनच्या भांडवलदारांची नजर या जागेवर पडली. फ्रान्सिस कॅबट लोवेल यांनी इंग्लंडमधल्या गिरण्या हिंडून यंत्रमाग डोक्यात साठवून आणला होता, कारण यंत्रांचे आराखडे देशाबाहेर न्यायला तिथे बंदी होती. 1814 मध्ये त्यांनी वॉल्थमला गिरणी चालवून दाखवली आणि 1817 मध्ये ते वारले. त्यांच्या भागीदारांनी 1821 मध्ये धबधब्याजवळची शेतजमीन घेतली, 1823 मध्ये पहिलं कापड निघालं, आणि 1826 मध्ये गावाला त्यांचं नाव मिळालं. आपल्या नावाचं गाव त्यांनी कधी पाहिलंच नाही.

बोटीत बसलात की कालव्यांची रचना लक्षात येते. एकूण साडेपाच मैलांहून जास्त लांबीचे कालवे, तेही दोन पातळ्यांवर. वरच्या कालव्यातलं पाणी एका गिरणीचं चाक फिरवून खालच्या कालव्यात पडायचं आणि तिथून दुसऱ्या गिरणीला जाऊन मग नदीला मिळायचं. तेच पाणी दोनदा वापरलं जाई आणि त्याचे पैसे लागत. कालव्यांची मालक कंपनी गिरण्यांना ‘मिल पॉवर’ या मापाने पाणी विकायची.

पॉटकेट कालव्याच्या तोंडाशी गार्ड लॉक्स, म्हणजे आत येणारं पाणी अडवणारे दरवाजे, आहेत. तिथे नीट थांबा, कारण माझ्या लेखी लोवेलमधली सगळ्यात मोठी गोष्ट तिथे घडली. जेम्स फ्रान्सिस या मुख्य अभियंत्याने जुन्या पुरांच्या खुणा अभ्यासून 1850 मध्ये कालव्याच्या तोंडावर एक भलंमोठं लाकडी दार वर टांगून ठेवलं. एवढ्या खर्चाची गरज काय, म्हणून लोकांनी त्याला ‘फ्रान्सिसचा खुळेपणा’ असं नाव दिलं. दोनच वर्षांनी, 1852 च्या पुरात, रात्री लोखंडी पट्टी तोडून ते दार खाली सोडलं आणि गाव वाचलं. 1936 च्या महापुरात तेच दार पुन्हा पाडावं लागलं. याच फ्रान्सिस यांनी लोवेलमध्ये प्रयोग करून जी पाणचक्की सुधारली ती फ्रान्सिस टर्बाइन. जगभरच्या जलविद्युत केंद्रांत आज हाच प्रकार सर्वांत जास्त वापरतात. घरात कुणी अभियंता असेल तर इथे त्याचा अर्धा तास सहज जाईल.

बोट नसेल तर चालत जा. बूट मिलच्या मागून नदीकाठाने पायवाट जाते. तिथून लाल विटांच्या भिंती थेट पाण्यातून उठल्यासारख्या दिसतात. धबधबा गावापासून दोनेक किलोमीटर वर, नदीवरच्या पुलावरून चांगला दिसतो.

तिसरा टप्पा: बूट मिलचं साचेखातं

जॉन स्ट्रीटच्या टोकाला लहानसा पूल ओलांडून बूट कॉटन मिल्सच्या चौकात शिरायचं. वर घंटेचा मनोरा आहे. पहाटे साडेचारला पहिली घंटा व्हायची, आणि उठणं, कामावर जाणं, जेवणं, झोपणं सगळं त्या घंटेवर चालायचं. ही गिरणी 1835 मध्ये सुरू झाली आणि 1950 च्या दशकात बंद पडली.

तळमजल्यावरच्या साचेखात्यात 88 साचे मांडलेले आहेत, विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे. दाराशी कानात घालायला बोळे देतात, ते जरूर घ्या. एका वेळी त्यातले थोडेच साचे चालवतात, तरी दार उघडताच आवाज छातीवर आदळतो आणि पायाखालची जमीन थरथरते. एका साच्यापुढे पाच मिनिटं उभे राहा. ताण्याचे धागे वर-खाली होतात, मधून आडवा धागा घेऊन लाकडी धोटा सटकन पलीकडे जातो, फणी ठोका देते आणि कापड केसभर पुढे सरकतं. डोळ्यांनी धोटा पकडायला गेलात तर सापडत नाही. धोटा रिकामा झाला की विणकर बाई नव्या कांडीचा धागा त्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यायची. त्याबरोबर कापसाची धूळ आत जायची, आणि एकाच धोट्याला अनेकींची तोंडं लागत असल्याने क्षयही पसरायचा. धागा तुटू नये म्हणून हवा दमट हवी, म्हणून खिडक्या कायम बंद. आता 88 च्या 88 साचे एकाच वेळी चालू आहेत आणि तुमची बारा तासांची पाळी आहे, असं मनात आणून बघा.

वरच्या मजल्यावर गावाचा आणि कामगारांचा इतिहास मांडला आहे. तिथे घाई करू नका. खालच्या दुकानात याच साच्यांवर विणलेलं कापड विकायला असतं. घरी न्यायला याहून चांगली वस्तू या गावात नाही.

चौथा टप्पा: मुलींची घरं

बूट मिलच्या शेजारीच कामगारांचं एक जुनं निवासघर दुरुस्त करून ठेवलंय, ते म्हणजे मोगन कल्चरल सेंटर. लोवेलच्या पहिल्या कामगार होत्या आसपासच्या शेतकरी घरांतल्या तरुण मुली. कंपनीच्या घरात राहायचं, घरमालकिणीच्या हातचं जेवायचं, रात्री दहाच्या आत परत यायचं, रविवारी चर्चला जायचं. आठवड्याचे सहा दिवस मिळून सरासरी 73 तास काम. एका खोलीत चार-सहा जणी, एकेका पलंगावर दोघी. आपल्या गिरणगावातल्या खानावळी ज्यांनी पाहिल्या किंवा ऐकल्या आहेत, त्यांना ते लांबलचक जेवणाचं टेबल बघताच घर ओळखीचं वाटेल. फरक इतकाच की इथे नियम मालकाचे होते.

या मुली नुसत्या राबल्या नाहीत. 1834 मध्ये मजुरी कापणार म्हटल्यावर सुमारे 800 जणी साचे सोडून बाहेर पडल्या. 1836 मध्ये राहण्या-जेवण्याचा आकार वाढला तेव्हा सुमारे 1,500. त्यांनी स्वतःचं मासिक चालवलं, आणि 1840 च्या दशकात सारा बॅग्ली यांच्या पुढाकाराने दहा तासांच्या दिवसासाठी विधिमंडळाकडे सह्यांचे अर्ज धाडले. मॅसॅच्युसेट्समध्ये स्त्रियांसाठी दहा तासांचा कायदा यायला 1874 उजाडलं.

दुसरी बाजूही इथेच समजून घ्यायला हवी. या गिरण्यांत येणारा कापूस दक्षिणेतल्या गुलामांनी वेचलेला होता, आणि इथलं जाडंभरडं स्वस्त कापड परत त्याच गुलामांच्या अंगावर जायचं. दक्षिणेत त्याला ‘लोवेल’ याच नावाने ओळखत. 1861 मध्ये यादवी युद्ध पेटलं तेव्हा इथल्या बहुतेक मोठ्या गिरण्यांनी साठवलेला कापूस चढ्या भावाने विकून टाकला आणि हजारो कामगारांना घरी बसवलं. त्याच वर्षांत इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेना, म्हणून मुंबई बंदरातून जाणाऱ्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध संपताच 1865 मध्ये मुंबईचा बाजार कोसळला आणि पेढ्या बुडाल्या. त्या तेजी-मंदीचं एक टोक इथे आहे, म्हणून मराठी माणसाने हे दालन सावकाश बघावं असं मला वाटतं.

पाचवा टप्पा: जेवण

मुलींनी काम सोडलं की त्यांच्या जागी नवे लोक यायचे. आयरिश तर 1822 पासूनच कालवे खणायला आले होते. त्यांच्यामागून फ्रेंच कॅनेडियन, ग्रीक, पोर्तुगीज, पोलिश, पुढे कोलंबियन. शेवटी, गिरण्या संपल्यानंतर, कंबोडियन. 1975 ते 1979 या काळात ख्मेर रूजच्या राजवटीत कंबोडियात लाखो माणसं मारली गेली. जी वाचली त्यातली बरीच 1980 च्या दशकात निर्वासित म्हणून इथे पोचली. कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचनंतर अमेरिकेतली कंबोडियन लोकांची सर्वांत मोठी वस्ती लोवेलची. त्यामुळे एकच जेवण करायचं असेल तर कंबोडियन करा. गावाच्या मध्यात बसू नका, लोअर हायलँड्सकडे जा. मिडलसेक्स, ब्रँच आणि लिंकन स्ट्रीटच्या आसपास उपाहारगृहं, वाणसामानाची दुकानं, सोनारांची दुकानं शेजारी शेजारी आहेत. लिंकन स्ट्रीटवरचं सिम्पली ख्मेर बरंच नावाजलेलं आहे.

काय मागवावं? पहिल्यांदा जाणाऱ्याने अमोक मागवावं. नारळाच्या दुधात, गवती चहा, हळद, गलांगल (आल्यासारखा कंद) आणि लसूण यांच्या वाटणात शिजवलेला मासा. कोकणी-मालवणी जिभेला हा पदार्थ परका वाटणार नाही, फक्त तिखट कमी आणि गवती चहाचा वास पुढे. सकाळी लवकर पोचलात तर नोम बान चोक शोधा: तांदळाच्या मऊ शेवया, वर माशाचा हिरवट-पिवळा पातळ रस्सा, आणि बाजूला कच्ची काकडी, केळफुलाची चिरलेली पाकळी, पुदिना, मोड. भाज्या स्वतः घालायच्या आणि शेवया ओरपत खायच्या. कुय तेव हे शेवयांचं सूप इथली रोजची न्याहारी. आंबट आवडत असेल तर चिंचेचं साम्लो माचू. लोक लाक बहुधा गोमांसाचं असतं, मागवण्याआधी विचारा. बोक ल्होंग म्हणजे उखळात चेचलेली कच्च्या पपईची कोशिंबीर. दुकानांतून उसाचा रसही मिळतो.

शाकाहारी मंडळींसाठी स्पष्ट सांगायला हवं. ख्मेर, म्हणजे कंबोडियन, स्वयंपाकात माशाचा सॉस आणि प्राहोक, म्हणजे आंबवलेल्या माशाची पेस्ट, मिठाइतकी सर्रास वापरतात. पपईच्या कोशिंबिरीतही मासा असू शकतो. ‘व्हेजिटेरियन’ एवढंच म्हटलंत तर मांस काढतील, सॉस राहील. ‘नो फिश सॉस, नो प्राहोक, नो ऑयस्टर सॉस’ असं एकेक नाव घेऊन सांगा आणि टोफू-भाज्यांचा परतलेला पदार्थ मागा. कडक शाकाहारी असाल तर ग्रीक जेवण सोयीचं: पालक आणि फेटाची स्पानाकोपिता, पांढऱ्या घेवड्याचं फासोलादा, गोडाला रव्याच्या खिरीचं गालाक्तोबुरेको (अंडं मात्र असतं). ग्रीकांची जुनी वस्ती ‘एकर’ नावाच्या भागात. 1908 चं होली ट्रिनिटी चर्च आणि आयरिशांचं सेंट पॅट्रिक्स चर्च दोन्ही तिथेच, त्यामुळे जेवणाआधी पायी एक फेरी होते.

पोर्तुगीजांसाठी बॅक सेंट्रल भाग. सकाळी बेकरीत जाऊन मास्सा सोवादा हा गोडसर मऊ पाव आणि पाश्तेल द नाता घ्या, परतीच्या गाडीत खायला छान. काल्दु वेर्द सूप हिरवंगार दिसतं, पण त्यात डुकराच्या मांसाचं सॉसेज असतं. फ्रेंच कॅनेडियनांचा लिटल कॅनडा 1960 च्या दशकात पाडून टाकला, त्यांची आठवण आता पोर्क पायपुरती उरली आहे.

गावाच्या मध्यात थंड काही प्यायला थांबायचंच असेल तर वर्थेन हाऊस बघा. छताचे पंखे अजून चामड्याच्या पट्ट्यांवर फिरतात. गिरणीत पाण्याची ताकद मजल्यामजल्यावर अशाच पट्ट्यांनी पोचायची. आणि कुठे मॉक्सी दिसलं तर घोटभर घ्या. ऑगस्टिन थॉम्प्सन या डॉक्टरने लोवेलमध्ये औषध म्हणून काढलेलं, पुढे शीतपेय झालेलं हे कडवट पेय. काढ्याची सवय असलेल्यांना आवडतं.

वेळ उरला तर

शॅटक स्ट्रीटवरचं न्यू इंग्लंड क्विल्ट म्युझियम गोधडी शिवणाऱ्या प्रत्येक बाईने पाहावं, एक तास पुरतो. चित्रकार व्हिस्लर 1834 मध्ये जिथे जन्मला ते वर्थेन स्ट्रीटवरचं घर आता कलासंग्रहालय आहे. लेखक जॅक केरुअॅक इथलाच, 1922 चा जन्म. त्याच्या ओळी कोरलेले ग्रॅनाइटचे खांब बागेत उभे आहेत आणि ऑक्टोबरमध्ये त्याच्या नावाने उत्सव असतो. महिन्याच्या पहिल्या शनिवारी आलात तर वेस्टर्न अॅव्हेन्यू स्टुडिओजमध्ये चित्रकार आपली दारं उघडी ठेवतात. एप्रिलच्या मध्यात ख्मेर नववर्ष असतं. ऑगस्टमध्ये नदीवर दक्षिण-पूर्व आशियाई जलमहोत्सव 1997 पासून भरत आला आहे, होड्यांच्या शर्यती त्यात असतात. तो असेल तर बाकी सगळं सोडून तिकडे जा.

थोडं व्यवहाराचं

गावाच्या मध्यात दगडी फरसबंदी आहे, जाड तळाचे बूट घाला. बूट मिलमध्ये लिफ्ट आहे, पण गुडघे दुखणाऱ्यांनी धबधब्यापर्यंत चालत जाऊ नये, गाडी मागवावी. लहान मुलांना साचेखात्याचा आवाज सोसत नाही. दोघांपैकी एकाने बाहेर थांबायची तयारी ठेवा. लोअर हायलँड्समधल्या छोट्या दुकानांसाठी थोडे रोख डॉलर जवळ असू द्या, आणि बसून जेवलात तर 18 ते 20 टक्के टीप धरा. संध्याकाळी जेवायला बसण्याआधी परतीच्या गाड्यांची वेळ फोनवर बघून ठेवा. रविवारी दोन गाड्यांमध्ये बराच वेळ जातो, आणि एक चुकली तर स्टेशनवर बसून राहावं लागतं.